दारात येऊन बोलणारी माणसे

४ जानेवारी, रविवार

घरातले सामान हलवले की आपलाच आवाज आपल्याला परका का वाटतो? हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. रंगकामाच्या वेळी, घर बदलताना, किंवा नुसते पडदे धुवायला काढले तरी. आज मुलाने आणि मी मिळून बैठकीच्या खोलीतला सोफा, पुस्तकांचे कपाट आणि गालिचा हलवला, कारण आर्किटेक्ट बाई मापे घ्यायला येणार होत्या. खोली रिकामी झाल्यावर मी "टेप कुठे आहे?" एवढेच विचारले, आणि चारही भिंतींनी तोच प्रश्न मला उलट विचारला.

कारण सोपे आहे आणि सुंदरही. आपण बोलतो तेव्हा समोरच्याच्या कानात आपला आवाज एकदाच शिरत नाही. एक वाट सरळ. बाकीच्या वाटा छतावरून, फरशीवरून, भिंतींवरून. गादी, पडदा, पुस्तके हे सारे त्या उशिरा आलेल्या आवाजांना पिऊन टाकतात. सामान काढले की पिणारे कोणी उरत नाही, आणि उशिरा आलेले आवाज पुढच्या शब्दांवर सांडतात. म्हणजेच...

"बाबा," मुलगा म्हणाला, "टेप."

टेप माझ्याच खिशात होता. महाविद्यालयात विद्यार्थी मला पाठीमागे 'म्हणजेच' म्हणत. मला ते ठाऊक होते आणि वाईटही वाटत नसे.

मुलगा आणि सून येथे कायमचे राहायला आले आहेत. ही गोष्ट हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, फार वर्षांच्या मनातली. तेव्हा घराची रचना बदलणे आले.

११ जानेवारी, रविवार

बाईंनी दोन आराखडे आणले. पहिल्यात स्वयंपाकघर आज आहे तसेच राहते: बैठकीला लागून, मधे भिंत, भिंतीत पल्ला नसलेली दाराची चौकट. दुसऱ्यात ती भिंतच नाही. बैठक, जेवणाचे टेबल आणि स्वयंपाकघर मिळून एकच प्रशस्त दालन, आणि पलीकडच्या खिडकीचा उजेड थेट सोफ्यापर्यंत.

सुनेला दुसरा आवडला. ती घरूनच काम करते. तिचे टेबल तेथे उजेडात बसते. मुलाला दोन्ही आवडले, म्हणजे त्याने दोन्ही नीट पाहिलेले नाहीत. मला दुसरा मनापासून पटला. एका घरात चार माणसे राहणार आणि त्यांतले एक दिवसाचे निम्मे तास भिंतीआड, हे रचनेच्या दृष्टीने गैर आहे.

"भिंत राहू दे," ही म्हणाली.

"का?"

"असू दे ना. सवय आहे."

सवय हे कारण होऊ शकत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ती पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्यावर नजर लावून ऐकत होती. नोकरीची सारी वर्षे ही ग्रंथालयाच्या काउंटरवर बसली. तेथली ही शिस्त असावी. इतका एकाग्र श्रोता मला वर्गात कधी लाभला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

हिचे आक्षेप मी एकेक करून तपासायला घेतले आहेत.

आक्षेप पहिला, वास. कांदा परतला की वास सोफ्यापर्यंत येईल. मी विझवलेल्या काडीचा धूर ओट्याजवळ सोडला आणि तो कोणीकडे वळतो ते पाहिले. खिडकी उघडी असताना धूर बाहेर जातो, बैठकीकडे फिरकतही नाही. आक्षेप दूर.

आक्षेप दुसरा, पसारा दिसेल. यावर सून म्हणाली, "आई, पसारा तर माझा जास्त असतो. तुमचा दिसला तर मला तेवढाच आधार." ही खळखळून हसली. आक्षेप दूर.

आक्षेप तिसरा सांगताना ही अडखळली. "सगळे आवाज एकत्र होतील," म्हणाली. "भांडी, टीव्ही, तुमचं बोलणं. मग कोणाचंच काही..."

मोठ्या जागेत आवाज पसरतो, म्हणजेच विरळ होतो, हे मी कागदावर आकृती काढून दाखवले. तिने आकृती पाहिली आणि कागदाची घडी करून फळीवर ठेवली. "छान काढलीय," म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

आज निर्णायक प्रयोग केला. मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

हिला स्वयंपाकघरात, भिंतीआड, कागद-पेन्सिल देऊन बसवले. मी सोफ्यावरून नेहमीच्या आवाजात काही शब्द वाचले आणि ऐकू आलेला शब्द लिहून काढ असे सांगितले. दाराची चौकट उघडीच होती. निकाल: निम्म्याहून अधिक शब्द चुकलेले. चुकाही कशा, तर अत्यंत बोलक्या! शब्दातले स्वर बहुतेक बरोबर, व्यंजने भलतीच. 'अ', 'आ', 'ओ' हे जाडजूड आवाज चौकटीला वळसा घालून आत गेले. 'स', 'श', 'त' यांसारखे बारीक आवाज वळू शकत नाहीत, ते सरळ जातात आणि भिंतीवर आपटतात. पुस्तकात छापावा असा निकाल. दोष भिंतीचा, यात आता शंका राहिली नाही.

मी हिला हे उत्साहाने सांगत होतो. ती कागदाकडे पाहत म्हणाली, "इतके चुकले?"

"तुझी चूक नाही गं. भिंतीची."

"हो का?" ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "भिंतीची असेल."

एक गंमत टिपून ठेवतो. संध्याकाळी जिन्यात समोरच्या घरातले शेजारी भेटले. "काय प्राध्यापक, सकाळी कसली सोडत काढत होतात? शब्दन् शब्द आमच्या पलंगापर्यंत येत होता, झोपू दिलं नाहीत!" आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

२० जानेवारी, मंगळवार

संमती मिळाली. ही ओट्यापाशी पाण्याचा नळ सोडून पालेभाजी धूत होती. मी सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. "मग ठरलं का? भिंत काढायची?" असे मी विचारले, दोनदा विचारले, आणि ती मागे न वळता म्हणाली, "हो, हो."

बाईंना लगेच फोन केला.

२ फेब्रुवारी, सोमवार

गवंडी सकाळीच दोन घण घेऊन आले. भिंतीवर मूठ आपटून त्यांनी तोंड वाकडे केले. "साहेब, ही कसली भिंत? उभी केलेली पाटी आहे. मी शिंकलो तर पलीकडे दिवा विझेल."

ही आतून आली. तिने घण पाहिले, माझ्याकडे पाहिले. "हे काय?"

"अगं, ठरलं ना आपलं."

"कधी?"

"त्या दिवशी. तू हो म्हणालीस. एकदा नाही, दोनदा."

तिचा चेहरा आधी रागावला, मग एकाएकी तो राग कोठे गेला ते मला कळले नाही. त्या जागी दुसरेच काही आले. एखाद्याला आपली वस्तू आपणच कोठे तरी ठेवून आलो आहोत हे आठवावे, तसे. "मी म्हणाले असेन," ती म्हणाली. "म्हणाले असेन तर पाडा."

गवंडी खोळंबले होते. "वहिनी, नक्की ना? मागाहून मला शिव्या नकोत."

"नाही देणार," ती त्यांच्या तोंडाकडे पाहत म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

धूळ. चहातही धूळ. लिहिण्यासारखे अन्य काही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

काम पुरे झाले. भिंत होती त्या रेषेवरून आता लांबच लांब ओटा जातो. नळाची जोडणी त्याच्या पोटातून नेली आहे. ओट्याचे तोंड खिडकीकडे, म्हणजे काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आकाश आणि पाठीमागे सारे घर. सुनेने आपले टेबल मांडले. मी दालनाच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. ती छान रेंगाळली. फरशी नवी, पडदे अजून यायचे आहेत. पडदे आले की रेंगाळणे कमी होईल.

मग अठरा जानेवारीचा प्रयोग पुन्हा केला. तेच शब्द, तोच सोफा, आणि ही ओट्याला टेकून, माझ्याकडे तोंड करून उभी. सर्व शब्द बरोबर. सर्व! मी टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "आई पहिल्या नंबराने पास." ही हसली, आणि मला वाटते तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला पटल्याचा तो आनंद असावा.

३ मार्च, मंगळवार

एक लहानशी अडचण. प्रयोगाने सिद्ध झाले आहे की आवाज आता हिच्यापर्यंत विनासायास पोहोचतो. तरीही ही उत्तर देत नाही.

सुनेने आज तिच्या पाठीमागून विचारले, "आई, चहा मी टाकू का?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. उत्तर नाही. मग सुनेने माझ्याकडे पाहिले आणि मान लॅपटॉपमध्ये घातली. थोड्या वेळाने हिने स्वतःच चहा केला, सुनेच्या टेबलावर पेला ठेवला आणि अगदी प्रेमाने तिच्या केसांवरून हात फिरवला. सून गोंधळून पेल्याकडे पाहत राहिली.

जेवतानाही ही मधेच उठते. आम्ही तिघे रंगात येऊन बोलत असतो आणि ही भांडी घासायला लागते. "अगं, राहू दे की," मी म्हणतो. तिला भांड्यांची अशी घाई पूर्वी कधी नव्हती.

१५ मार्च, रविवार

मुलगा मला फिरायला घेऊन गेला. तो स्वतःहून फिरायला निघाला तेव्हाच मी समजलो की काही तरी आहे.

"बाबा, आईला राग आहे."

"कशाचा?"

"भिंतीचा. आणि भिंत हिच्यासाठी पाडली असं तिला वाटतं, म्हणून हिचा." त्याची 'ही' म्हणजे सून. "ही दिवसभर आईच्या पाठीशी बोलते आणि आई ढिम्म. काल संध्याकाळी रडत होती. म्हणाली, मला ओरडा, शिव्या द्या, पण असं हवेसारखं नका वागवू."

"तुझी आई कधीच असं करणार नाही."

"मला काय माहीत नाही? पण करतेय ना." त्याने चालण्याचा वेग वाढवला. "आम्ही एक जागा बघून आलोय. लहान आहे. महिनाअखेरीस कळवायचंय."

हिच्या मनातली एकच मोठी गोष्ट, चौघांनी एका घरात राहणे, ती माझ्या डोळ्यांसमोर निघून जाते आहे, आणि मला त्याचे कारण मांडता येत नाही. घरी आलो तेव्हा ही खिडकीकडे तोंड करून वाटाणे सोलत होती. मी मागे उभा राहून म्हणालो, "मुलं जायचं म्हणताहेत." तिने एक वाटाणा तोंडात टाकला आणि पुढची शेंग उचलली. मला तिचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

१९ मार्च, गुरुवार

रुसवा हा विषय मी अभ्यासलेला नाही. तरीही पद्धतशीर प्रयत्न केला.

प्रथम जाड पडदे लावले. फरक नाही. मग समोरासमोर बसून विचारले, "तू आमच्यावर रागावली आहेस का?" "नाही हो," ती चटकन म्हणाली, आणि तिचा चेहरा खरे बोलणाऱ्या माणसाचा होता. "मग पोरीशी बोलत का नाहीस?" "बोलते की! काय न बोलण्यासारखं केलंय तिने?" मी जाण्याची गोष्ट सांगितली. हातातला रुमाल तिने टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "कधी ठरलं हे?" विचारते! रविवारी मी स्वतः तिच्या मागे उभा राहून सांगितले होते.

"मी सांगितलं होतं तुला."

"असेल," ती म्हणाली.

समोर बसले की ही जुनीच आहे. पाठ वळली की दुसरी कोणी. मला या माहितीतून काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज दिवे गेले. जेवणे चालू होती. बाहेर अंधार पडला होता आणि मेणबत्ती कोणाला सापडत नव्हती.

त्याआधी मुलाने विषय काढला होता, की उद्या त्या जागेबद्दल कळवायचे. ही त्याच्याकडे पाहून म्हणत होती, "अरे पण असं काय झालं, मला कोणी सांगाल का?" आणि तेवढ्यात काळोख.

काळोखात सून म्हणाली, "आई, मी सांगते. तुम्ही माझ्याशी बोलत नाही म्हणून." उत्तर नाही. "आई, आतासुद्धा नाही?" उत्तर नाही. मी म्हणालो, "अगं, ती तुला विचारतेय." उत्तर नाही. मुलगा ताडकन उठला, खुर्ची मागे पडली.

"कोण पडलं?" ही घाबरून म्हणाली. "कोण बोलतंय का? दिवा लावा ना कोणीतरी. लावा ना दिवा!"

सुनेने फोनचा दिवा लावला. मेणबत्ती शोधायला म्हणून लावला असावा. पण तो तिच्या हातात उलटा होता, आणि उजेड तिच्याच चेहऱ्यावर पडला. त्या उजेडात ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू, पुटपुटल्यासारखे, "तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?"

"बोलते ना गं," ही लगेच म्हणाली. "बाळा, किती वेळा बोलते. तूच मान खाली घालून बसतेस."

मी हे पाहिले आणि मला वाटले की मोठ्याने बोललेले पोहोचले नाही आणि पुटपुटलेले पोहोचले, हे कोणत्याही नियमात बसत नाही. अंधारात हवा थंड होते, थंड हवेत ध्वनीचा वेग किंचित... असे काही मी म्हणूही लागलो होतो.

"बाबा, थांबा," सून म्हणाली. तिने दिवा विझवला. काळोखात म्हणाली, "आई, मला पाणी द्या." काही नाही. दिवा लावला. "आई, मला पाणी द्या." हिने पेला पुढे केला.

मग सुनेने तोंडावर तळहात धरला आणि तेच पुन्हा म्हटले. ही त्या तळहाताकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. आणि मान खाली घातली.

"मी तुमच्या पाठीशी बोलत होते आई," सून रडत म्हणाली. "दिवसभर. पाठीशी."

२८ मार्च, शनिवार

मुलाने जागेला नकार कळवला.

मी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी बसण्याची जागा तिनेच दाखवली. किती सराईतपणे दाखवली!

"कधीपासून?"

"ग्रंथालयात होते तेव्हापासून. काउंटरवर काय, सगळे समोरच येतात. चाललं."

"आणि घरात?"

"घरात भिंत होती ना." माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा. "अहो, भिंत होती तेव्हा कोणाला माझ्याशी बोलायचं असलं तर उठून दारात यावं लागायचं. चौकटीत उभं राहायचं, मी मान वर करायची, मग बोलायचं. आत्ता कोणीही कुठूनही बोलतं. सोफ्यावरून, फ्रिजमधून, मागनं. मला कसं कळणार कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय?"

"पण तू मला का नाही सांगितलंस? मी जन्मभर ध्वनी शिकवला!"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"तुम्ही मला समजावून सांगितलं असतंत," ती म्हणाली.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"रोज सांगितलं असतंत. आकृती काढून. पाहुण्यांसमोर काढली असतीत." आणि हसली. "कान जातायत एवढं पुरे होतं मला. त्याचा तास नको होता."

६ एप्रिल, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिला काचेच्या खोलीत बसवून त्यांनी शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावर रेघ काढली. ती रेघ डावीकडे जेमतेम सपाट आणि मग उजवीकडे उतरत, उतरत, कागदाच्या तळाशी. उजवीकडे म्हणजे बारीक आवाजांकडे. 'स', 'श', 'त'.

ती रेघ मी आधी पाहिलेली होती. अठरा जानेवारीला माझ्या हातातल्या कागदावर तीच होती, शब्दांच्या रूपात. मी हिचे कान मोजले होते आणि निकाल भिंतीच्या नावावर लिहिला होता.

डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात आणि बोलताना संगणकाकडे पाहतात. "नस कमकुवत झालीय. गेलं ते परत येत नाही. यंत्र लावा, आहे ते टिकवा." ही माझ्याकडे वळली. मी त्यांचे वाक्य तिच्यासमोर तोंड नेऊन सावकाश पुन्हा म्हटले. 'परत येत नाही' हे शब्द मला म्हणावे लागले. माझ्या ओठांवरून तिने ते वाचले.

१२ एप्रिल, रविवार

यंत्र आले. निजायच्या खोलीत आम्ही दोघेच असताना ते उत्तम चालते. ही म्हणाली, "तुमचा आवाज पातळ झालाय, पण आहे." मी हरखून गेलो. मग आम्ही बाहेरच्या दालनात आलो.

सून थाळ्या मांडत होती, मुलगा नळाखाली हात धूत होता, पंखा चालू होता. हिने दोन्ही हात कानांवर नेले. "काय झालं?" मुलाने तिच्यासमोर येऊन विचारले. (आता आम्ही सारे समोर येतो, जेवताना चौघे एकमेकांसमोर येण्यासाठी जी धडपड चालते ती पाहून कोणीही हसेल.)

"सगळ्यात मोठ्याने काय येतंय सांगू?" ती म्हणाली. "चमचे."

यंत्राला माणूस आणि चमचा यांत भेद करता येत नाही. ते दोघांनाही मोठे करते. आणि माझ्या या उजेडाच्या, प्रशस्त, विनाभिंतीच्या दालनात प्रत्येक चमचा चार ठिकाणांहून परत येतो. सामानाने तो पिता येतो, पडद्यांनी थोडा पिता येतो. पण चार माणसांचे बोलणे एकाच वेळी कोठे ठेवणार?

बाईंना बोलावले. "भिंत पुन्हा घालता येईल का?" त्यांनी ओट्यावर हात ठेवला. भिंतीच्या रेषेवरच ओटा, ओट्यात नळ, नळ खाली फरशीत. "सगळं उखडावं लागेल सर. आणि उखडलं तरी..." त्या थांबल्या. हुशार आहेत. उखडले तरी काय, ते त्यांनाही कळले.

पूर्वी माणसे चौकटीत येत, कारण त्यांना माहीत नव्हते. आता माहीत आहे, म्हणून मुद्दाम येतात, मुद्दाम हळू बोलतात, मुद्दाम तोंड मोठे करतात. भिंत घातली तरी ते जाणार नाही.

२५ एप्रिल, शनिवार

छताला लावायच्या मऊ फळ्या, जाड गालिचा, खुर्च्यांच्या पायांना रबर, टेबलावर जाड कापड. टाळी आता रेंगाळत नाही. हिला फरक वाटतो का, असे विचारले. "वाटतो ना," ती म्हणाली. तिने ते ऐकून म्हटले की मला बरे वाटावे म्हणून, हे मला ठरवता आले नाही. पुढे विचारलेही नाही.

३ मे, रविवार

ही आता बहुतेक वेळ निजायच्या खोलीत असते. दार लोटलेले. आत खुर्ची, खिडकी आणि तिची पुस्तके. जेवायला बाहेर येते, हसते, सुनेचा हात हातात घेते आणि सगळ्यांच्या आधी उठते. मुले येथेच राहिली आहेत. सून तर तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. खोलीत जाते, समोर मांडी घालून बसते आणि दोघी खुदुखुदु हसतात. मी आत डोकावलो की सांगतात, "तुमचीच नक्कल चाललीय."

पण चौघे एकत्र बसावे म्हणून केलेल्या या दालनात चौघे बसत नाहीत.

आज मी तिला म्हणालो, "बाहेर चल ना. तुझ्यासाठीच तर केलं हे सगळं."

"माहीत आहे."

"मग?"

"बाहेर तुम्ही तिघं बोलता तेव्हा मी तुमच्यात बसून एकटी असते हो. हसायचं कधी ते बघत बसते. इथे नुसती एकटी असते. त्यात दमायला होत नाही."

मी नवीन यंत्राबद्दल वाचले होते, आवाज वेगळे करणारे. ते सांगायला तोंड उघडले. कंप्रता, गाळणी, दिशा. ती माझ्याकडे पाहत होती, त्याच जुन्या, एकाग्र नजरेने, जिला मी इतकी वर्षे माझ्या विषयातली गोडी समजत आलो. मधेच तिने डोळे मिटले. असभ्यपणा म्हणून नव्हे. ती थकली होती. आणि डोळे मिटताच मी तिच्यासाठी बोलायचा थांबलो; माझे ओठ हलत राहिले असतील, आवाजही निघत असेल, पण आता त्याला कोणी नव्हते.

मी गप्प बसलो. तिने डोळे उघडले, मी गप्प आहे असे पाहिले आणि माझ्या गुडघ्यावर थापटी मारली. आम्ही तसेच बसलो. माझ्याजवळ तिच्यासाठी याहून उपयोगाचे काही असेल, तर ते मला अजून सापडलेले नाही.

१० मे, रविवार

एक कृती लिहून ठेवतो. साहित्य काही लागत नाही. ती कोणालाही आपल्या घरी करता येईल, आणि माझ्याहून लवकर करावी.

ज्या माणसाबरोबर आपण वर्षानुवर्षे राहिलो, ते काही काम करत असताना त्याच्या पाठीमागे काही पावलांवर उभे राहावे. नळ, पंखा, टीव्ही बंद असावेत. आवाज नेहमीचा ठेवावा, वाढवू नये. "ऐकू येतं का?" असे विचारू नये; त्याला सगळेच हो म्हणतात. ज्याचे उत्तर हो किंवा नाही यांत देता येत नाही, असे काही विचारावे: आज कोणाचा फोन आला होता, खिडकीबाहेर काय दिसते आहे. मग थांबावे. उत्तर आले तर बरेच आहे. नुसते "हो, हो" आले, किंवा काहीच आले नाही, तर चिडू नये, पुन्हा मोठ्याने विचारू नये आणि कारणही शोधत बसू नये. वळसा घालून समोर जावे, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल असे उभे राहावे, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.